खांद्यावरचा हात

४ ऑक्टो., शनि.
दसरा झाला की दादाला कार्ड आठवतं. आज आठवलं. त्याचे दोन टेंपो. बर्फ आणि मासळीची खोकी वाहतात. दिवाळीला गिऱ्हाइकांना मिठाईचा पुडा आणि सोबत घरच्यांचा फोटो छापलेलं शुभेच्छा कार्ड. कार्ड करणार मी. रेवदंड्याला फ्लेक्सच्या दुकानात कंप्युटरवर बसते, तेव्हा हे माझं जन्मसिद्ध कामच.
"गेल्या सालचाच फोटो घे," म्हणाला. "फक्त तिला काढून टाक."
तिला म्हणजे वहिनीला. गणपती विसर्जन झालं आणि थळला माहेरी गेली, ती आलेली नाही.
मी म्हटलं, नवा काढू ना, तिघांचा. तर, "आईचं तोंड बघितलंस? फोटो काढण्यासारखं हाय काय?"
आई आत स्वयंपाकघरात होती. भांडी जरा जास्तच वाजली.

५ ऑक्टो., रवि.
सुट्टी. घरीच लॅपटॉपवर फोटो उघडला. मागे आमच्या वाडीतली सुपारीची झाडं. पुढे खुर्चीत आई, हिरवी बुट्ट्यांची साडी. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, डोळे अर्धे मिटलेले (दर वर्षी!). आईच्या मागे वहिनी. हसतेय. तिचा हात आईच्या खांद्यावर.
त्याच खांद्यावर. आईचा तो खांदा धरलेला आहे, हात वर जात नाही. वहिनी रोज संध्याकाळी तेल कोमट करून चोळायची. आता मी बाम लावते. आई मान वळवून बघते मी लावताना, शिकाऊ न्हाव्याकडे बघतात तसं.
काही केलं नाही. फाइल बंद केली.

७ ऑक्टो., मंगळ.
ती का गेली हे सगळ्या चौलला माहीत आहे, मग मी माझ्याच वहीत काय लपवायचं. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. वहिनीच्या तपासण्या झाल्या, अलिबागला, मग पनवेलला. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, आता मिस्टरांना घेऊन या. मिस्टर जाईनात. "मना काय झालंय? धडधाकट हाय मी."
गणपतीत आत्या आली आणि भरल्या घरात वहिनीला कुठलीशी पुडी सुचवायला लागली. वहिनी वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "औषध मना नको, आत्या. यांना डॉक्टरकडं पाठवा." दादाने ताट सरकवलं. "एवढा त्रास होतोय तर थळला जाऊन रहा," म्हणाला. ती गेली.
मला दादाचा राग येतो. कीवही येते. दोन्ही एकदम, म्हणून तोंड उघडत नाही.

८ ऑक्टो., बुध.
दुकान बंद झाल्यावर तासभर बसले. चेहरा पुसायला काहीच वेळ लागला नाही. बाजूच्या सुपारीच्या झाडाचा तुकडा उचलायचा, वहिनीवर ठेवायचा, कडा मऊ करायच्या. माणूस गेलं.
हात मात्र जाईना. खाली साडीच्या बुट्ट्या. पुसला की बुट्ट्या विरघळतात, आईचा खांदा ओल्या कागदासारखा दिसतो. शेवटी हात कापून वेगळ्या लेयरवर ठेवला, चेहराही तसाच दुसऱ्या लेयरवर, आणि खालची साडी बुट्टी बुट्टी करून भरायला घेतली.
घरी उरलेलं करत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. लेयर म्हणजे काय विचारलं. म्हटलं, काचेवर काच ठेवतात तसं. वरची बंद केली की खालचं दिसतं.
"म्हंजे ती हाय, पन दिसत नाय?"
हो म्हटलं.
"हं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली.

१० ऑक्टो., शुक्र.
दादाला मोबाइलवर नमुना दाखवला. त्याच्या सूचना: शुभ दीपावली मोठं कर. अजून मोठं. दिवे वाढव. टेंपो पन टाक. दोनी टाक.
कार्डावर माणसं कमी आणि गाड्या जास्त झाल्यात, असं म्हटलं तर, "धंदा गाड्यांवर चालतो."
मग बराच वेळ बघत राहिला. "मधे मोकळं वाटतंय."
"वाटणारच."
"मग कंदील टाक तिथं."
टाकला. वहिनीचा चेहरा होता बरोबर त्या जागी आकाशकंदील. झिरमिळ्या हलताहेत अशा केल्या. चांगला झालाय, हेच वाईट.

१४ ऑक्टो., मंगळ.
दुकानात मरायला वेळ नाही. जो तो शुभेच्छुक. एकाच्या फ्लेक्सवर शेहेचाळीस चेहरे, आणि फोन, की आमच्या भाच्याचा चेहरा काकांपेक्षा लहान का. शेठ म्हणतात, मापात मोठा कर आणि पाठव.
त्याच धांदलीत आमचं कार्ड छापायला अलिबागला पाठवलं.
सं. आईला बाम.

१६ ऑक्टो., गुरु.
गठ्ठा आला. आईने सोडला. चष्मा लावून एक कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. मग मला हाक मारली, हळू.
"हा कोनाचा हात?"
आईच्या खांद्यावर हात. चार बोटं, मनगटाला हिरव्या बांगड्या. मागे कोणी नाही. वर कंदील.
आठवलं. साडी जुळली का बघायला हाताचा लेयर पुन्हा चालू केला होता. बंद करायचा राहिला. दादाने बघितलेला नमुना त्याआधीचा. फाइल तशीच गेली. शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत.
म्हटलं, आई, पुन्हा छापून घेते. अलिबागचा माणूस फोनवर हसला. धनत्रयोदशी परवावर आलीय, ताई, म्हणाला.
आईने ते कार्ड देवाऱ्याजवळ ठेवलं.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
दादाला सांगावंच लागलं. मिठाईचे पुडे भरून झाले होते, कार्डं घालायची बाकी. त्याने बघितलं. मला वाटलं ओरडेल. कानशिलं लाल झाली.
"मुद्दाम केलंस."
"नाही."
"आता लोकं काय बोलतील?"
आई पुडे बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या खांद्यावर हाय ना? तुझ्या नाय ना? मग राहू दे."
दादा बाहेर गेला, टेंपो सुरू केला, बंद केला, परत आला. एकेक कार्ड पुड्यावर ठेवायला लागला. तोंड उलटं करून ठेवत होता, मजकुराची बाजू वर.

१८ ऑक्टो., शनि. धनत्रयोदशी
पुडे गेले. घरच्या ग्रुपवर कार्ड मी टाकलं नव्हतं, पण कोणीतरी फोटो काढून टाकलाच. मामा: "ताई, खांद्यावर कोन बसलाय? हाडळ काय?" त्याखाली हसरी तोंडं. आत्याने नमस्काराचे हात टाकले, तिला काहीच कळलं नसावं. मावशीने थेट विचारलं, ही आमची सूनबाई ना, बाकीची कुठं गेली?
आईने कधी नव्हे तो ग्रुपवर बोलून निरोप टाकला. चारच शब्द. "हात माझ्या सुनंचा हाय."
दादानेही ऐकला असणार, निरोपाखालच्या खुणा निळ्या झाल्या होत्या.

२० ऑक्टो., सोम. पहिली अंघोळ
उटणं, कारिट, फराळ. चकल्या मऊ. वहिनी असती तर मोहन किती ते सांगितलं असतं.
दु. तिचाच फोन. गणपतीनंतर पहिल्यांदा. इकडचं तिकडचं बोलली, आईचा खांदा विचारला. मग,
"कार्ड बघितला. माझा हात ठेवलास."
"चुकून राहिला गं वहिनी."
"व्हय? चेहरा मुद्दाम काढलास आनि हात चुकून राहिला?"
रडू आलं ते तिला ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, "रडू नको. तुला काय बोलत नाय मी. तू सांगितलेलं काम केलंस." हे तिने समजुतीने म्हटलं आणि तेच जास्त लागलं.
दादा दारात उभा होता. फोन ठेवल्यावर गेला.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
पाडव्याला बायको ओवाळते. आई दादाला म्हणाली, मी ओवाळू? "नको." नवा शर्ट घडीतून काढला होता, तो परत ठेवला.
जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसला. लॅपटॉपकडे बोट.
"ती फाइल हाय का? की उडवलंस तिला?"
"उडवलं नाही. बंद केलंय नुसतं."
"चालू कर."
आधी कंदील काढला. मग चेहऱ्याचा लेयर चालू केला. वहिनी आली, हसत. हात आपल्या जागी बसला.
बाहेर कोणाची तरी लवंगी माळ वाजली, संपली.
"हसतेय," म्हणाला. जसं काही त्याला पहिल्यांदाच कळलं. मग, "टेंपो काढ त्यातनं. आनि मना पाठव."
टेंपो काढले. पाठवला.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
सकाळी वहिनीचा मेसेज. दादाने तिला फोटो पाठवला होता. नुसता फोटो, खाली अक्षर नाही. तिने मला लिहिलं होतं:
"फोटोत घेतलंय परत. बरं. डॉक्टरकडं कधी जातोय ते विचार त्याला. जानार नसंल तर तो कंदील होता तोच बरा."
दहा वेळा वाचला. बरोबर आहे तिचं. मला मात्र काल वाटून गेलं होतं की झालं, मिटलं. लेयर चालू केला आणि मिटलं! धन्य माझी.
दादाला पाटावर बसवलं. आईने रांगोळी घातली होती, एका हाताने, वाकडी. कुंकू, अक्षता, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं.
"काय पायजे बोल," दादा म्हणाला. दर वर्षी म्हणतो. "साडी घेऊ?"
ताट हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "साडी नको. तपासणीला जा."
आई रांगोळीच्या डब्याला झाकण लावत होती, ते लागेना.
दादा खाली बघत राहिला. मला वाटलं ताट सरकवतो आता. पाकीट ताटात ठेवलं, दर वर्षीचं. उठला नाही. मी निरांजन खाली ठेवलं. करंजी दिली, ती हातात धरून बसला.
मग भिंतीकडे बघत म्हणाला, "उपाशीपोटी जायला लागतं काय?"
"मला माहीत नाही. विचारून सांगते."
"कोनाला विचारशील?"
"जिला माहीत आहे तिला."
"हां," म्हणाला. करंजी खाल्ली आणि उठला.

वहिनीला लिहिलं: पुरुषांच्या तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का? बाकी काही लिहिलं नाही.
तिने वाचलंय. उत्तर नाही अजून. आई दोनदा येऊन विचारून गेली, काय बोलली. दादा अंगणात टेंपो धुतोय, तोच भाग पुन्हा पुन्हा.