खराडीच्या विहिरीतला माझा अर्धा हिस्सा

मी, डॉ. मैना बापूराव झुरुंगे, वय ६६, अविवाहित, निवृत्त प्राध्यापक, राहणार एरंडवणे, पुणे, उद्याच्या हृदयशस्त्रक्रियेपूर्वी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवते. दडपण आहे, ते बाहेर सोफ्यावर बसले आहे. धाकटा भाऊ बजरंग सकाळपासून हक्कसोडपत्र घेऊन आला आहे. सही केली तर विहीर जाईल, नाही केली तर भाऊ. मला भीती वाटते आहे.

१. माझी पुस्तके विभागाच्या ग्रंथालयाला द्यावीत. मी जन्मभर आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र शिकवले. देश रणगाड्यांनीच पडतो असे नाही. पाणी, धान्य आणि रोगराईनेही पडतो, एवढेच माझे म्हणणे. तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले होते, "मॅडम, हे नळखात्याचं काम झालं, सुरक्षेचं नव्हे." त्यांच्या सोसायटीत आता रोज टँकर येतो. माझ्या प्रबंधाची एक प्रत त्यांना पोचवावी. टँकरची वाट पाहताना वाचून होईल.

२. खराडीत आयटी कंपन्यांच्या इमारतींमध्ये आमच्या वडिलांच्या जमिनीचा एक तुकडा उरला आहे. त्यात विहीर आहे. अर्धा हिस्सा माझा, अर्धा बजरंगचा. उन्हाळ्यात मागची अख्खी वस्ती तिच्यावर निभावते. बिल्डरला ती बुजवून पार्किंग करायचे आहे.

बहिणीने माहेरची जमीन भावाला सोडायची, ही आमच्याकडची रीत. आत्यांनी मुकाट्याने सोडली. गेल्या भाऊबीजेला बजरंगने ओवाळणीत साडी घातली आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्र. मी साडी ठेवून घेतली, कागद परत केला. तेव्हापासून अबोला होता. आज तो बोलला, "ताई, उद्याचं काय सांगावं? आजच सही करून टाक." हे मला फार लागले.

माझा हिस्सा मी बजरंगची मुलगी वैष्णवी हिला देते. तिने विहीर बुजवू देऊ नये. भाऊबीजेच्या दिवशी तर कशावरच सही करू नये.

३. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारच्या रुपालीताई. दुसरी जागा बजरंगची. वकिलांनी दुसरे नाव सुचवले होते, मी नको म्हटले. बजरंगने सही केली नाही तर हा कागद रद्दी, आणि माझ्यामागे हिस्सा आपोआप त्याचा. हे त्याला ठाऊक आहे. याच विहिरीत पोहायला शिकताना त्याच्या कमरेचा दोर मी धरला होता. आता माझा त्याच्या हातात देते.

आता दोघांना आत बोलावून त्यांच्यादेखत सही करते.

पुणे, १४ मार्च २०२५
मैना बापूराव झुरुंगे (सही)

साक्षीदार :
१. रुपाली मच्छिंद्र सातव (सही)
२. बजरंग बापूराव झुरुंगे (सही)
वाचलं. पटलं न्हाई. तरी सही केली हाय. उद्या ऑपरेशन करून नीट घरी ये, मग भांडू.