उभ्या पायाचे माप घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय क्रीडा अधिकारी,
विभागीय क्रीडा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली.

विषय : येत्या दहा किलोमीटर शर्यतीत कार्यालयाने दिलेल्या बुटांऐवजी स्वतःच्या बुटांत धावू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : "अर्जदाराचे पाय सामान्य आहेत."
३) अर्जदाराचे पाय.

महोदय,

मी दहावीत शिकते आणि शाळेच्या लांब पल्ल्याच्या संघातून धावते. यापूर्वीचा अर्ज आमच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितला आणि मी उतरवून घेतला, त्यामुळे तो फार गरीब झाला होता. त्यात 'कृपया' जागोजागी होते आणि पायाला नेमके काय झाले आहे ते कुठेच नव्हते. हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. गेल्या वर्षापर्यंत हजेरीच्या वेळी माझे 'हजर' बाईंना ऐकू जात नसे आणि मी समोर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागत असे. आता तसे राहिलेले नाही. म्हणून अर्ज थोडा लांबेल, तो शेवटपर्यंत वाचावा.

१) माझ्या पायांविषयी. मी खुर्चीत बसले असता माझ्या दोन्ही तळव्यांना मधोमध चांगली कमान दिसते. बघणारा म्हणेल, काय सुरेख पाय आहेत! परंतु मी उभी राहिले की अंगाच्या भाराने ही कमान खाली बसते, घोटे आत कलतात, आणि पाय लांबीलाही वाढतो व रुंदीलाही. न्हाणीघराच्या फरशीवर आईचा ओला पाय उमटला तर मध्ये कोरडी जागा राहते. माझा पाय इस्त्री टेकवल्यासारखा अख्खा उमटतो. संघातल्या मुली मला 'बदक' म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या मागे राहतात त्याच जास्त म्हणतात.

२) मापाविषयी. संघाच्या बुटांसाठी माप घेण्याचे काम शाळेच्या सभागृहात झाले. त्या सकाळी शिपाईकाकांनी फरशी नुकतीच पुसली होती आणि ते फडके खांद्यावर टाकून दारातच उभे होते. "एकीचाही अनवाणी पाय खाली टेकला तर मी परत पुसणार नाही, सांगून ठेवतो," असे त्यांनी सरांसमक्ष बजावले. तेव्हा सरांनी आम्हा सगळ्यांना बाकांवर ओळीने बसवले, "पाय वर धरा गं, आत्ता उरकतो," म्हणाले, आणि पट्टी घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. अशा रीतीने फरशी स्वच्छ राहिली आणि अख्ख्या संघाचे माप अधांतरी घेण्यात आले. बाकीच्या बहुतेक जणींचे निभावले, कारण त्यांचे पाय बसल्या-उभ्या सारखेच राहतात. माझ्या पायाने हवेत एक सांगितले आणि जमिनीवर दुसरेच केले. हवेतले माप आपल्या दप्तरी गेले, आणि बूट त्या मापाचे आले.

३) त्या बुटांविषयी. पहिल्याच दिवशी मी सरांना सांगितले की बोटे एकमेकांवर चढत आहेत. सर म्हणाले, "नवे बूट थोडे चावतातच. पळशील तसे सैल होतील." साहेब, हे बूट चावत नाहीत, गिळतात. मागच्या शर्यतीत निम्मे अंतर होईपर्यंत बोटांना मुंग्या आल्या, नंतर आग सुटली, आणि नंतर काहीच वाटेनासे झाले. मला तेव्हा बरे वाटले होते. मी चौथी आले. घरी बूट काढला तर मोजा पायाला चिकटलेला. आईने परातीत कोमट पाणी घेऊन पाय त्यात बुडवला आणि मोजा हळूहळू सोडवला. त्याच्याबरोबर दोन नखे निघून आली. पाण्याचा रंग बदलला तेव्हा आईने ते मोरीत ओतले आणि परात पुन्हा भरून आणली.

मधल्या बोटामागच्या हाडाला केसाएवढी चीर गेली होती. दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी पाय प्लास्टरमध्ये घातला. पुढच्या वेळी हाड असेच दाबले गेले तर नुसते चिरणार नाही, मोडेल, आणि मोडलेले पुन्हा नीट जुळेलच याची खात्री देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यांनी तसे लिहूनही दिले होते. परंतु आपल्या नियमाप्रमाणे बाहेरच्या डॉक्टरांचे चालत नाही, कार्यालयाने नेमलेल्या डॉक्टरांचेच चालते.

४) माझ्या बुटांविषयी. प्लास्टर निघाल्यावर वडील म्हणाले, "आता तुझे बूट तू निवडायचेस. मी नुसता सोबत येतो." आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय तेव्हा सुजून मोठा होतो आणि पळतानाही तो तसाच होतो. पळायचे मोजे घालूनच गेलो. दुकानदार म्हणाले, "मुलींचे तिकडे आहेत." मी मुलींचे सगळे घालून पाहिले. पुढून निमुळते, वरून फुले. मग मुलग्यांच्या फळीकडे वळले. उभे राहून अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहते का ते पाहिले. आत बोटे पसरून पाहिली. बूट हातात धरून कपडा पिळतात तसा पिळून पाहिला. जो सहज पिळला जातो तो माझ्या घोट्याला काय सावरणार? पुढे बोटांपाशी वाकतो की मध्येच मोडतो, तेही पाहिले. वडिलांनी कुबडी भिंतीला टेकवली, खाली बसले आणि बुटाच्या पुढच्या भागावर दोन्ही हातांनी दाबत राहिले. "इथे लागतंय? इथे? खरं सांग हं, आवडलाय म्हणून सांगू नको." आवडण्याचा प्रश्नच नव्हता. रंग ओल्या सिमेंटचा आहे आणि त्यावर पोपटी पट्टे आहेत.

शेवटी मी ते घालून दुकानातून पळत सुटले, कोपऱ्यापर्यंत. दुकानदारांना वाटले, पोरगी बूट घेऊन पसार झाली, आणि तेही चपला फटफटवत माझ्यामागे धावले. कोपऱ्यावर मी वळले आणि त्यांच्याच अंगावर गेले. मला कुठेही दुखले नव्हते. ते धापा टाकत होते आणि मी हसत होते. पायात न दुखता पळणे कसे असते, ते मी विसरून गेले होते.

५) तपासणीविषयी. माझ्या पहिल्या अर्जावरून आपल्या कार्यालयाने मला तपासणीस बोलावले, त्याबद्दल आभारी आहे. तपासणीच्या खोलीत मला खाटेवर आडवे होण्यास सांगण्यात आले. डॉक्टरांनी तळवा दाबला आणि म्हणाले, "छान कमान आहे की!" मी म्हणाले, "डॉक्टर, मी उभी राहून दाखवू का?" ते म्हणाले, "कशाला?" साहेब, मी आडवी होऊन धावत नाही. आडवे झाल्यावर सगळ्यांचेच पाय चांगले असतात, मढ्याचेसुद्धा. तरीही मी खाटेवरून उतरून फरशीवर उभी राहिले आणि म्हणाले, "आता बघा." तोवर त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली होती आणि ती दारात येऊन उभी होती. त्यानंतर संदर्भ क्रमांक दोनचे उत्तर आले.

६) वडिलांविषयी. हे लिहू नये असे आई म्हणाली. वडील म्हणाले, लिही. माझे वडील एका गोदामावर पहारेकरी होते. माझे पाय मला त्यांच्याकडूनच आले आहेत. त्यांनाही कामावरून बूट मिळत, सगळ्यांना सारखे, अरुंद आणि कडक. त्यांना साखरेचा आजार आहे, त्यामुळे तळव्यातील संवेदना कमी होत गेली होती. बूट घासतो, आजारामुळे रुंद बूट मिळावेत, असा अर्ज त्यांनी केला. कारवाई चालू आहे, असे त्यांना सांगण्यात येत होते. वडील त्याच बुटांत रात्रभर फेऱ्या घालत होते. डाव्या पायाला फोड आला, तो त्यांना कळला नाही. घरात वास येऊ लागला तेव्हा आईला वाटले, उंदीर मेला असेल, आणि तिने माळा उपसला. प्रथम अंगठा काढावा लागला, नंतर बाकीची बोटे, नंतर घोट्याच्या वरपर्यंत पाय.

ते दवाखान्यातून घरी आल्यावर रुंद बूट मंजूर होऊन आले. आणणाऱ्या माणसाने वडिलांकडे पाहिले आणि त्यालाही काय करावे ते सुचेना. परंतु एकाच बुटाची पोच लिहून घेता येत नाही, असे त्याने सांगितल्यामुळे वडिलांनी दोन्ही बूट मिळाल्याची सही केली. बूट उत्तम होते. कोणाचेही त्यात काही चुकले नव्हते. सगळे नियमाप्रमाणेच झाले होते.

मला तो आजार नाही. माझे पाय दुखतात आणि मला ते कळते, ही माझ्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. परंतु "बुटांपायी या घरातला एक पाय गेला, तेवढा पुरे," असे म्हणून आईने माझे पळणे बंद करण्याचे ठरवले होते. मी तिला शब्द दिला आहे की दिलेले बूट मी पुन्हा पायात घालणार नाही. या एकाच अटीवर तिने मला शर्यतीला सोडण्याचे कबूल केले आहे.

७) तातडीविषयी. या शर्यतीतून निवडलेल्या मुलींना निवासी प्रशिक्षणासाठी घेतले जाते. पुढच्या वर्षी माझे वय बसत नाही. म्हणजे माझ्यासाठी ही एकच शर्यत आहे. आपल्या परिपत्रकानुसार, दिलेल्या बुटांत नसलेल्या मुलीला छातीवरचा क्रमांक मिळणार नाही. मोठ्या मापाचे मिळतील का, असे मी आपल्या कार्यालयात येऊन विचारले. लेखनिक काका माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी मला पाणी दिले आणि सांगितले, "बाळ, माप बदलता येतं, पण पुढच्या वाटपात." आमच्या सरांनीही उपाय सुचवला, की दिलेल्या बुटांची टोके ब्लेडने कापून टाकावीत आणि वरून पांढरा मोजा ओढावा. मी तसे घरी करून पाहिले. बोटांना मोकळे वाटले, परंतु घोटा पूर्वीसारखाच आत पडतो, आणि हाड तर बोटांच्या मागे आहे.

आणखी एक गोष्ट. संघात आठवीतली एक मुलगी नवीन आहे. तिचेही माप त्याच सकाळी बाकावर बसवून घेतले होते. परवा सराव संपल्यावर ती पायऱ्यांवर बसून बूट काढत होती. मोज्याचे टोक लाल होते. मला म्हणाली, "ताई, तुझीपण नखं पडली होती ना? म्हणजे माझा पाय तयार होतोय ना?" ती हे आनंदाने विचारत होती. मी तिला बूट काढून घरी अनवाणी जायला सांगितले. ती गेली, पण दुसऱ्या दिवशी त्याच बुटांत आली, कारण तिच्याकडे दुसरे नाहीत.

तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

मला माझ्या बुटांत धावू द्यावे. पोपटी पट्टे गणवेशात बसत नसतील तर मी ते पांढरे रंगवीन. तेवढ्यानेही नियमाचे भागत नसेल तर दिलेल्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते मी गळ्यात अडकवीन आणि दहा किलोमीटर तसेच धावीन, म्हणजे ते बूट शर्यतीत हजर होते, असे आपल्याला लिहिता येईल. हेही शक्य नसेल तर 'या बुटांत धावल्याने अर्जदाराचे हाड मोडणार नाही' असे आपण स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. तो कागद मी आईला दाखवीन.

आठवीतल्या मुलीचे आणि संघातल्या सगळ्यांचे माप जमिनीवर उभे करून पुन्हा घ्यावे. फरशी ओली झाल्यास ती मी पुसून देईन.

शर्यत रविवारी आहे. त्या दिवशी मी सुरुवातीच्या रेषेवर माझ्याच बुटांत उभी असेन. क्रमांक मिळाला तर छातीवर लावीन, न मिळाल्यास त्याच्याशिवाय धावीन. मला अडवण्यासाठी आपण कोणाला नेमणार असाल तर हरकत नाही. मात्र त्याला माझ्याबरोबर बरेच लांब धावावे लागेल, तेव्हा त्याने आपल्या मापाचे बूट घालून यावे, ही नम्र सूचना.

निर्णय रविवारच्या आधी कळावा. नंतर कळून उपयोग नाही.

आपली नम्र,
(सही)
इयत्ता दहावी, तुकडी ब,
मुलींचा लांब पल्ल्याचा संघ.

पालकाची सही : (वडिलांची आहे. आई रविवारनंतर करणार आहे.)

दिनांक : ७ जानेवारी

सोबत :
१) उजव्या पायाची रेघ काढलेला कागद. निळी रेघ बसून, लाल रेघ उभे राहून.
२) ओल्या पायाचा ठसा, वर्तमानपत्रावर. वाळल्यामुळे थोडा पुसट झाला आहे.
३) गळून पडलेली नखे, आगपेटीत. परत करण्याची गरज नाही, नवी येत आहेत.