जैबुनने मागितलेली माफी

२० एप्रिल, जुईनगर
हजचं मेडिकल झालं. जैबुन पास, मी नापास. डॉक्टर म्हणाले, "काका, तिथल्या उन्हात एवढं चालणं तुमच्या हार्टला झेपणार नाही." तीन वर्षं नंबर लागायची वाट पाहिली होती.  घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी नाय, तर मी पन नाय."

२२ एप्रिल
मौलानांना विचारून आलो. ज्याला झेपेल त्याच्यावरच हज फर्ज. मला सूट, जैबुनला नाही. तिचा भाऊ अन्वर आणि त्याची बायको जातायत, म्हणजे सोबतही आहे. ती म्हणाली, "मग तुमच्या नावाने करते." तेही चालत नाही. दुसऱ्यासाठी करायचा तर आधी स्वतःचा व्हावा लागतो. हे ऐकून रडली. छत्तीस वर्षं माझं ताट आधी वाढलंय. स्वतःचं आधी, हे तिला जमतच नाही.

२७ एप्रिल
काबाभोवती सात फेऱ्या घालायच्या असतात, त्याचा सराव म्हणून रोज सकाळी बागेत सात फेऱ्या. ती चालते, मी बाकावरून मोजतो. पाचवीलाच म्हणते सात झाल्या. शेजारच्या शिंदेवहिनीही चालायला येतात. आज हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला मूल होऊ दे, एवढं तिथे मागाल का?" जै.ने लेकीचं नाव वहीत लिहून घेतलं.

८ मे
निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची रीत. जै. अख्खी बिल्डिंग फिरली. टाकीच्या पाण्यावरून भांडलेल्या तळमजल्यावरच्या बाईंनी उलट चहा पाजला.
मग माझ्यासमोर येऊन बसली. "तुमचीपन मागायचीय." मी हसलो. ती हसली नाही.
"अम्मांनी शेवटच्या रमजानात गावी न्या म्हटलं होतं. मी तुमाला सांगितलंच नाय. तुमची नोकरी नवी, रजा टाकली असती तर..."
माझी अम्मा याच घरात गेली. तिला शेवटपर्यंत माझ्याकडेच राहायचं होतं, असं मी आजवर लोकांना अभिमानाने सांगत आलो.
खाली उतरलो. स्टेशनपर्यंत जाऊन परत.

११ मे
जेवण आहे, बोलणं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या बॅगेवर नाव मात्र मीच रंगवलं.

१४ मे
विमानतळ. अन्वर म्हणाला, "भावजी, काळजी करू नका." आत जाताना ती वळली. मी म्हटलं, "माफ केलं." तिने मान हलवली. नुसतं तोंडाने म्हटलं, हे तिला कळलं असणार.

१९ मे
मक्केहून फोन. "काबा दिसला आनि काय मागायचं तेच विसरले. नुसती उभी." सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्याही झाल्या. "त्या जुन्या काळी बीबी हाजरा तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत इथेच धावली. चालताना अम्मा आठवल्या."
मी विषय बदलला. औषधं घेतेस ना, वगैरे.

५ जून
आज ती अरफातच्या मैदानात. हजचा मुख्य दिवस, उभं राहायचं आणि मागायचं. फोन लागत नाही. दुपारी कुराण उघडून बसलो, लक्ष लागेना.
आणि आठवलं. अम्माने मलाही सांगितलं होतं. मी शिफ्टला निघालेलो, चपला घालत होतो. "एकदा गावचं घर बघून येऊ या रे." मी म्हटलं, "बघू सुटीत."
विसरलो होतो असं तरी कसं म्हणू. आठवायचं टाळलं. आणि जैबुन इतकी वर्षं एकटीच...

७ जून
ईद. फोन लागला. अरफातवर सगळ्यांसाठी मागितलं म्हणाली, शिंदेवहिनींच्या लेकीसाठी सगळ्यात आधी. आवाज बसलाय. "जेवलात?" मी सांगणार होतो, तेवढ्यात अन्वरने फोन घेतला. ईद मुबारक, हवापाणी. राहिलं.

२० जून
उद्या सकाळी येते. हजहून आलेल्याने घरात शिरण्याआधी केलेली दुआ कबूल होते म्हणतात, म्हणून शिंदेवहिनी दारातच उभ्या राहणार आहेत. मी विमानतळावरच सांगेन. "जैबुन, मलाही माहीत होतं." वाक्य एवढंच. त्यावर ती काय म्हणेल, छत्तीस वर्षांनंतरही मला सांगता येत नाही.