सरगुंड्यांची चूलबंद स्पर्धा

३ एप्रिल, सकाळी ९
आज शोभा गृहउद्योगाचा मार्केटिंग प्रमुख म्हणून पदभार स्वीकारला. नियुक्तीपत्र मीच लिहिलं, सहीही मीच केली. शोभा करणार होती, पण तिचे हात कणकेत होते.

परिस्थितीचा आढावा. शोभा, म्हणजे माझी पत्नी, आणि शेजारच्या बेबीताई तीन वर्षांपासून सरगुंडे करून विकतात. कणीक काडीवर गुंडाळायची, अलगद काढायची, वाळवायची. उन्हाळ्यात आमरसासोबत खातात, नाहीतर गुळवणीसोबत. माल उत्तम. पण ग्राहक कोण? अर्धं कळंब आणि शोभाचं माहेर. कारण उघड आहे. विचार नाही. स्ट्रॅटेजी नाही.

काल पांढरकवड्याचे देवीलाल केटरर येऊन गेले. पाच मेला हायवेवरच्या लॉनमध्ये मोठं लग्न आहे, त्यासाठी पंचवीस किलो हवेत. माल वेळेवर आणि एकसारखा आला तर पूर्ण सीझन इथूनच नेतो म्हणाले. असा एक माणूस मिळावा म्हणून शोभा दोन वर्षं वाट पाहत होती. बेबीताईंनी तर लगेच देवापुढे साखर ठेवली. मी म्हणालो, एका ग्राहकावर अवलंबून राहणं ही गुलामगिरी आहे. शोभा म्हणाली, "पयले गुलामगिरी मिळू तं द्या."

दृष्टी नाही. ती मला द्यावी लागेल.

५ एप्रिल
फेसबुक पेज काढलं. नाव 'श्रमशक्ती सरगुंडा चळवळ'. प्रोफाइलला माझा माईकसमोरचा फोटो, मूठ वर असलेला. शोभाने विचारलं, यात सरगुंडा कुठं आहे? तिला समजावलं की लोक आधी विचार विकत घेतात, मग वस्तू. बेबीताई म्हणाल्या, "भाऊजी, विचार उकडाले किती पानी लागते?" दोघी बराच वेळ हसल्या.

फॉलोअर्स चौदा. त्यातले तीन एकटे रामराव आहेत. माझे ऑफिसमधले जुने सहकारी. पासवर्ड विसरतात आणि नवं खातं उघडतात.

८ एप्रिल, दुपार
पहिलं फेसबुक लाइव्ह. विषय: 'गहू आणि गुलामी'. बावन्न मिनिटं. कागद हातात घेतला नाही. पंचायत समितीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि अठ्ठावीस वर्षं झेंड्यासमोर भाषण केलं, ती तयारी वाया जात नाही.

सर्वाधिक प्रेक्षक तीन. रामरावांनी कमेंटमध्ये विचारलं, महागाई भत्त्याचं काही कळलं का. चाळिसाव्या मिनिटाला एकच प्रेक्षक उरला, पण तो हलला नाही. त्या अनोळखी माणसासाठी मी शेवटची बारा मिनिटं जीव ओतला.

संध्याकाळी कळलं, तो शोभाचा फोन होता. फडताळावर चालू राहिला होता.

तरी पाया रचला गेला.

१२ एप्रिल
इंटरनेटवर तीन लेख वाचले. तिन्हींचा निष्कर्ष एकच: लहान धंद्याने सोशल मीडियावर स्पर्धा घ्यावी. लोक भाग घेतात, मित्रांना टॅग करतात, नाव पसरतं. एका लेखात 'सोपी ठेवा' असंही होतं. तो लेखक आपल्या समाजाला कमी लेखतो.

निबंध स्पर्धा जाहीर केली. विषय: 'सरगुंडा: स्वावलंबनाचा पोकळ दंडगोल'. शब्दमर्यादा: किमान एक हजार. बक्षीस: अर्धा किलो सरगुंडे आणि माझ्या सहीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रं पन्नास छापून घेतली. कमी पडू नयेत.

१९ एप्रिल
निबंध आले नाहीत. लोकाग्रहास्तव मुदत वाढवली.

२१ एप्रिल, सकाळी ११
निबंध स्पर्धाच मागे घेतली. दोष समाजाचा आहे, पण समाजाला सोडून चालणार नाही. खाली उतरावं लागेल.

नवी स्पर्धा. कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव आणि घरातली माणसं किती ते लिहा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा. एक मेला, महाराष्ट्र दिनी, आमच्या अंगणात लकी ड्रॉ. विजेत्या घराला दोन किलो सरगुंडे.

पण मजकूर कोरडा वाटला. हृदयाला भिडणारं काहीतरी हवं होतं. मग सुचलं. शेवटी लिहिलं: 'भाग घेणाऱ्या प्रत्येक घराला ड्रॉच्या दिवशी आमच्याकडे चूलबंद आमंत्रण!'

काय शब्द आहे! चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, लेकराबाळांसकट सगळं घर यजमानाकडे जेवणार. आजकाल हा शब्द लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात कसाबसा उरला आहे. मी तो अर्थातच प्रतीक म्हणून वापरला. मनाने या, पूर्ण या, एवढाच भाव. सुज्ञ माणसाला कळतं.

शोभाला वाचून दाखवणार होतो, पण ती आणि बेबीताई देवीलालच्या ऑर्डरमध्ये बुडाल्या आहेत. सकाळी पाचपासून काड्या फिरतात.

२३ एप्रिल
स्फोट! दोन दिवसांत बावीस कमेंट. शेअर एकशे सहा. लोक जागे होत आहेत.

जोडमोह्याच्या फकिरा यांनी फक्त 'आम्ही अकरा' लिहिलं. संक्षिप्त, पण त्यात एक ठामपणा आहे. मेटीखेड्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'आम्ही सात, आणि पाहुणे आले तर नऊ.' आकड्यांबद्दल इतकी प्रामाणिकता मी सरकारी कागदांतही पाहिली नाही.

२६ एप्रिल
एकेचाळीस घरं. शोभाने सहज विचारलं, "अहो, तुमी मोबाइलवर काय करून राह्यले? भाजीवाली मले म्हने, ताई, गुरुवारी येतो आमी. कायले येते ते?" म्हणालो, ड्रॉला. पाच-दहा लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. ती म्हणाली, "पानी तं पाजा मंग." माठ भरून ठेवायचं कबूल केलं. लॉजिस्टिक्स माझ्याकडे आहे.

भाषणाची तयारी सुरू. लांबी पन्नास मिनिटं, टाळ्यांची जागा धरून.

२८ एप्रिल
सकाळी हंसाबाईंचा फोन. बसस्टँडजवळ राहतात, महिला बचत गटात वजन आहे. विचारत होत्या, सरगुंड्यासोबत रस राहणार की गुळवणी? याला म्हणतात ग्राहकांचा अभिप्राय! मी म्हणालो, दोन्ही परंपरा थोर आहेत. त्या म्हणाल्या, "गुळवणीच करा भाऊ. लेकरायले रसानं गरम पडते." नोंद केली. पुढे एकदा यावर लाइव्ह घेईन.

शोभाचे पंचवीस किलो आज पूर्ण झाले. सहा डबे, मधल्या खोलीत. बोटाएवढे, सगळे एका मापाचे. तिने डब्यांवर कापड बांधलं आणि सांगितलं, या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही. बेबीताईंचा उजवा खांदा धरला आहे. तरी चेहरा हसरा.

मी दोघींचं अभिनंदन केलं. म्हणालो, तुम्ही माल केला, मी बाजार केला.

१ मे, सकाळी ८
माईक आला. वीस खुर्च्या आल्या. मंडपवाल्याने विचारलं, "बस वीस?" त्याला म्हणालो, गर्दी मोजू नये, गुणवत्ता मोजावी.

पांढरा सदरा घातला.

१ मे, सकाळी ११.३०
लोक येऊ लागले. सहकुटुंब! काहींनी म्हाताऱ्या आईला ऑटोतून आणलं आहे. फकिरांचे अकराचे अकरा. हंसाबाई दोन टेम्पो भरून माणसं घेऊन. अंगण भरलं, ओटा भरला, समोरच्यांचं अंगणही भरलं. दोनशे तरी असतील. अठ्ठावीस वर्षांत झेंड्यासमोर सक्तीने आणलेली शाळेची मुलंही इतकी नव्हती.

माईक दोनदा फुंकून पाहिला. आनंदाने.

१ मे, दुपारी ४
पोटमाळ्यावर बसून लिहीत आहे. घडलेलं क्रमाने नोंदवतो.

माईक हातात घेतला. 'बंधू-भगिनींनो' म्हणालो. मागून आवाज आला, "भाऊ, पंगत कवा बसते?" लोक हसले. मला वाटलं, विनोद. पुढे बोललो. तीन मिनिटांनी हंसाबाई उठून घरात गेल्या आणि शोभाला म्हणाल्या, "शोभाताई, आमी वाढाले घेतो. पातेले कुठं आहेत?"

शोभा बाहेर आली. दोनशे माणसं पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मी माईक खाली घेतला. तिने फकिरांना विचारलं, तुम्हाला कोणी बोलावलं? फकिरांनी मोबाइल पुढे धरला. शोभाने वाचलं. मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत.

मी सांगितलं, तो शब्द प्रतीकात्मक आहे. फकिरांची म्हातारी आई पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "बापू, चूलबंद म्हनलं ना तुनं? आमच्या घरी आज चूल नाही पेटवली."

एकेचाळीस घरांत चूल पेटली नव्हती.

शोभा मधल्या खोलीत गेली. बेबीताई तिच्यामागे धावल्या. दारातून त्यांचा आवाज ऐकला, "देवीलालचा माल आहे तो, शोभे! सीझन जाईन आपला!" शोभा म्हणाली, "बलावलेलं मानूस उपाशी जाईन का माह्या दारातून?" आणि डब्यांची कापडं सुटली. सहाही डब्यांची.

तीन घरांची पातेली आली. गूळ हंसाबाईंनी मागवला. पहिली पंगत साडेबाराला बसली.

मी माईकवरून जाहीर करू शकलो असतो की पाणी उजवीकडे आहे. पण मंडपवाल्याने वायर काढून घेतली होती. पातेल्यांसाठी रस्ता हवा होता म्हणे.

शोभा मला एकच वाक्य बोलली. "तुमी वरते जा."

१ मे, संध्याकाळी ७
पोटमाळ्याच्या झरोक्यातून दिसलं ते लिहितो.

जेवणं झाल्यावर बेबीताई ओट्यावर बसून रडत होत्या. हंसाबाईंनी विचारलं, काय झालं? त्यांनी सांगितलं, चार दिवसांत पंचवीस किलो द्यायचे आहेत आणि डबे रिकामे. हंसाबाई उठल्या, पदर खोचला आणि अंगणभर ओरडल्या, "खाल्लं ना बायायहो? चला मंग, हात धुवा!"

साठेक बायका असतील. सुट्टीचा दिवस असूनही चक्कीवाल्याला घरून उठवून आणलं. कणीक मळली गेली. काड्या कमी पडल्या तेव्हा फकिरांनी झाडणी मोडून काड्या काढल्या, धुतल्या. पुरुषांनी खाटा गच्चीवर चढवल्या. फकिरांची आई सर्वांत जलद. दात नाहीत, पण बोटं काय फिरतात! आणि गाणी. आणि थट्टा. कोणीतरी विचारलं, "भाषनवाले भाऊ कुठं गेले?" कोणी म्हणालं, "वरते वाळू घातले." घर हादरेल असं हसणं.

शोभाही हसली. ते मी पाहिलं.

लकी ड्रॉ राहिलाच. चिठ्ठ्या माझ्या खिशात आहेत.

२ मे
शोभाने पेजचा पासवर्ड मागितला. धोरणात्मक हस्तांतरण म्हणून दिला. तिने माझा फोटो काढून सरगुंड्यांचा लावला. माझी सर्व भाषणं उडवली. एकूण सात तास अकरा मिनिटं. मग दोन शब्द लिहिले: 'सरगुंडे मिळतील.' खाली फोन नंबर.

यात प्रबोधन कुठे आहे, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

५ मे
देवीलाल आले. डबे उघडले. मी ओट्याच्या कोपऱ्यात उभा होतो. साठ बायकांच्या हातचे साठ प्रकार. कोणते जाड, कोणते बारीक, कोणते करंगळीएवढे. देवीलालनी मूठभर हातात घेतले, बराच वेळ पाहिले. बेबीताईंनी डोळे मिटले. शोभाने खरं काय झालं ते सगळं सांगितलं, माझ्या शब्दासकट. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

देवीलाल म्हणाले, "माल एकसारखा नाही, वहिनी. बोललो होतो मी." मग बेबीताईंकडून एक मूठ उकडून घेतली, उभ्याउभ्या खाल्ली. म्हणाले, चव बरोबर आहे, या लग्नाला नेतो. पण सीझनचं आत्ताच सांगत नाही. पुढचे दहा किलो पंधरा तारखेला द्या, एका मापाचे. ते पाहून बोलू.

जाताना विचारलं, "आन् हे भाऊ काय करतात?" शोभा म्हणाली, "सध्या काही नाही."

म्हणजे दार उघडं आहे. असं मी मानतो.

९ मे, दुपारी १
नवी जबाबदारी मिळाली. गच्चीवर दहा किलो वाळत आहेत, चार खाटांवर. कावळे येतात. शोभा म्हणाली, "तुमचा आवाज मोठा आहे. बसा तिथं." छत्री, माठ आणि स्टूल दिलं. गेल्या दहा वर्षांत तिने माझ्या आवाजाबद्दल चांगलं काही बोलल्याचं हे पहिलंच उदाहरण.

ऊन चव्वेचाळीस तरी असेल. खाली काड्या फिरण्याचा आवाज येतो. बेबीताई मापासाठी एक सरगुंडा दोऱ्याला बांधून समोर टांगतात. या वेळी चूक होऊ द्यायची नाही असं दोघींनी ठरवलं आहे. मीही ठरवलं आहे. शोभाला ते सांगितलेलं नाही.

सकाळपासून पाच थवे आले. मी उठून उभा राहिलो, हात वर केला, दोन वाक्यं बोललो. सगळे उडाले. परिणाम तात्काळ.

आत्ता मात्र एक कावळा कठड्यावर येऊन बसला आहे. त्याला शेतकरी, स्त्रिया आणि गहू यांच्याबद्दल थोडं सांगितलं. उडाला नाही. मान वाकडी करून ऐकत राहिला. वीस मिनिटं झाली. मग सावकाश खाली उतरला, तिसऱ्या खाटेवरचा एक सरगुंडा उचलला आणि पुन्हा कठड्यावर जाऊन बसला.

त्याला हाकललं नाही.