बारा बाटल्या आणि आमसुलाची बरणी

महानगर, लखनौ
२ जून १९९६

प्रिय नयना,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दादा पथ्यावर कुरकुर करताहेत हे वाचून बरं वाटलं. कुरकुर करणारा म्हातारा सासरा ठणठणीत असतो. आईंना नमस्कार सांग. सावनीचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव. ती अजून हाक मारल्यावर 'आती हूँ नानी' म्हणते का? वेंगुर्ल्यात वर्ष झालं, आता निदान 'इलंय' म्हणायला शिकली असेल.

इकडे उन्हाळा ऐन भरात. काल चव्वेचाळीस होतं. कूलरला नवा वाळा भरून घेतला, घरभर सुगंध आहे. मलिहाबादहून दशहरीची पेटी आली. आंबे ठीक आहेत.

आता कामाचं. आमचे मालक नरेंद्र टंडन लंडनला जाऊन आले आणि येताना एक खूळ घेऊन आले. नव्या रेस्तराँत जेवण अस्सल अवधी, आणि सोबत जगभरातल्या रेड वाइन. बरोबर बारा. अकरा नाहीत की तेरा नाहीत. दिल्लीच्या एजंटाने चौतीस बाटल्या नमुन्याला पाठवल्या आहेत आणि त्यातून बारा निवडायचं काम माझ्याकडे आलंय. पंधरा ऑगस्टला उद्घाटन आहे, त्याआधी यादी छापून हवी. टंडनसाहेब येईल त्याला सांगतात, 'दिनकर जी की नाक पे मुझे पूरा भरोसा है.'

सुरुवातच झकास झाली. बाटल्यांच्या पाठीवर छापलेलं असतं की रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. टंडनसाहेबांनी ते वाचलं आणि पहिल्या खेपेच्या बाटल्या चार दिवस स्टोअरच्या खोलीत ठेवून दिल्या. छापणाऱ्याची खोली फ्रान्समधली, आमची खोली लखनौमधली आणि तीही जूनमधली. पाचव्या दिवशी मी हात लावला तर बाटल्या चहाच्या किटलीसारख्या गरम. तिघींची बुचं वर आली होती, त्या काढून टाकल्या. बाकीच्या तळघरात हलवल्या आहेत. साहेबांना समजावून सांगितलं की साहेब, ज्या खोलीत आपल्याला बसवत नाही त्या खोलीत वाइनलाही बसवत नाही. पटलं त्यांना.

आतापर्यंत सात निवडल्या. बोर्दोच्या दोन, इटलीची एक, स्पेनची एक, चिलीच्या दोन, ऑस्ट्रेलियाची एक. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं की हिला रानातल्या काळ्या फळांचा वास, तिला ओल्या चामड्याचा. करवंदं आणि चपला म्हटलं की झालं. तुला यात रस नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितो. फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, आणि बूथवाल्याचे आकडे पळत राहतात.

एक बारीकसं काम होतं. चंद्रकांत लेले महिनाअखेरीस बँकेतून रजा काढून कोकणात जाताहेत. येताना त्यांच्याबरोबर थोडी आमसुलं पाठवशील का? घाई नाही.

कळावे,
दिनकर

---

महानगर, लखनौ
१९ जून १९९६

प्रिय नयना,

कार्ड मिळालं. सावनीला अठ्ठ्याहत्तर टक्के! आणि मराठीत एकसष्ट, म्हणजे तेही पुष्कळ झाले. लखनौच्या पोरीने एका वर्षात कोकणातल्या मास्तरांकडून एकसष्ट काढले. तिला सांग, बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. शेजारच्या मिसेस श्रीवास्तवांनी दोनदा घेतले.

तुझ्या कार्डाच्या शेवटी एक ओळ आहे. 'आमसुलं कशाला? बरणी भरून ठेवून आले होते.' संपली गं. माणूस खातो आणि वस्तू संपते, त्यात विशेष काय?

यादी दहावर आली आहे. ती कशी आली ते सांगतो, तुला मजा वाटेल.

आमचे मुख्य खानसामे इश्तियाक मियाँ. वय सत्तरच्या आसपास, पाच वेळा नमाज, वाइनच्या ग्लासाला हातसुद्धा लावत नाहीत. बाटली उघडली की दोन पावलं मागे सरून दाराशी उभे राहतात. नियम टंडनसाहेबांचाच, की प्रत्येक वाइन गलावटी कबाबाबरोबर चाखायची. टेबलावर साहेब, एजंट आणि क्लबातली दोन-तीन मंडळी. ही मंडळी वाइन तोंडात घोळवतात, डोळे मिटतात, आणि मग कॅटलॉगमधलीच वाक्यं म्हणतात. नुसतं नाकाने कांदे सोलणं. निर्णय कसा करायचा? पहिल्या दिवशी मियाँ दारातूनच हे सगळं पाहत होते. सगळे उठून गेल्यावर मला हळूच म्हणाले, 'साहब, ज़बान का एतबार मत कीजिए, हाथ देखिए. जिस घूँट के बाद हाथ ख़ुद कबाब की तरफ़ जाए, वो रख लीजिए. जिसके बाद रूमाल की तरफ़ जाए, वो लौटा दीजिए.'

दुसऱ्या दिवसापासून मी हात बघायला लागलो. आणि काय सांगू, म्हातारा शंभर टक्के बरोबर. फ्रान्सची एक भारी बाटली होती, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि सगळ्यांचे हात रुमालाकडे. चिलीच्या एका साध्यासुध्या वाइनला कुणी चांगलं म्हटलं नाही, पण ताट रिकामं झालं. ती घेतली. स्पेनच्या वाइनच्या वेळी तर एजंट बोलत होता एकीकडे आणि त्याचा हात कबाब उचलत होता दुसरीकडे. त्याला पत्ताच नाही.

ते बघताना मला आपलं जेवणाचं टेबल आठवलं. अठरा वर्षं माझा हात दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा, आणि तोंड मात्र हिंग जरा पुढे गेला, खोबरं जरा मागे राहिलं, असं चालू असायचं. तू हाताकडे कशी बघणार? आवाज तर तोंडालाच होता.

असो. आमसुलांचं विसरू नकोस. लेले पंचवीस तारखेला निघताहेत.

दिनकर

---

महानगर, लखनौ
८ जुलै १९९६

नयना,

तुझं दुसरं कार्ड शनिवारी आलं. पोस्टमनने वाचलं असणार, कारण देताना त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. तू लिहिलं आहेस, 'ती बरणी एका माणसाला दोन वर्षं पुरली असती. आणि दशहरीवर तुम्ही दोन शब्द लिहिलेत. दरवर्षी हापूसशी भांडण लावून पानं भरता. लेल्यांबरोबर काही पाठवलेलं नाही. काय झालंय ते आधी लिहा.'

लिहितो.

मला वास येत नाही. जानेवारीपासून. कसलाच नाही. वाळ्याचा सुगंध घरभर आहे असं लिहिलं होतं ते खोटं. वाळा कूलरला लावलेला आहे आणि तो ओला होतो, एवढंच मला दिसतं. दशहरी गोड लागते, साखरेसारखी नुसती गोड. भांडण कशाचं लावू?

जानेवारीत पंधरा दिवस तापाने पडलो होतो. तुला 'जरा सर्दी' म्हणून कळवलं होतं. ताप उतरल्यावर तोंडाला चव नव्हती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सोलकढी करायला घेतली. बरणी उघडली आणि नाकाशी नेली. काही नाही. वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, 'आमसुलं, २१ मे १९९५'. तारीख तू का घातलीस हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हिची आमसुलं परत जुनी. एक तुकडा जिभेवर ठेवला असता तर आंबट लागला असता, पण मी चाखतो कुठे, मी हुंगतो. अख्खी बरणी कागदावर उपडी केली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्यात नेऊन टाकली.

दोन दिवसांनी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. मिसेस श्रीवास्तव भिंतीपलीकडून ओरडल्या, 'भाईसाहब, कुछ जल रहा है आपके यहाँ!' आत जाऊन बघतो तर दूध करपून पातेलं काळं झालेलं, स्वयंपाकघर धुराने भरलेलं. मी धुरात उभा आणि मला काही येत नाही. मग हिंगाची डबी उघडली. मग लवंगा, कापूर, रॉकेल. सगळी मांडणी खाली काढली. आमसुलं जुनी नव्हती, नयना. पळत कोपऱ्यावर गेलो. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

डॉक्टर म्हणाले, तापाने नस दुखावली आहे, परत येईल किंवा येणार नाही. सहा महिन्यांत आलेला नाही.

आणि अशा माणसाकडे चौतीस वाइन. आंबट, तुरट, पातळ, दाट एवढं मला कळतं, पुढचं काही नाही. पहिल्या सात मी कॅटलॉग पाठ करून आणि मियाँच्या सांगण्यावरून हात बघून निवडल्या, पुढच्या निव्वळ हात बघून. तुला गंमत म्हणून लिहिलं, पण माझ्याकडे दुसरा उपायच नव्हता. रोज ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायचो आणि आत काळोख. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं 'नाक' म्हटलं तरी दचकायचो.

गुरुवारी उघडं पडलं. बाराव्या जागेसाठी इटलीची बाटली काढली. ती पहिल्या खेपेतली, चार दिवस स्टोअरमध्ये उकडून निघालेली, पण बूच जागेवर होतं म्हणून मी ती ठेवली होती. नेहमीसारखं मी आधी हुंगलं, मान डोलावली आणि म्हणालो, 'बहुत उम्दा.' टंडनसाहेबांनी माझ्या भरवशावर मोठा घोट घेतला आणि तो सरळ रुमालात थुंकला. वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता. दारात उभ्या असलेल्या मियाँपर्यंत वास पोचला होता, मला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं काहीतरी कारण सांगेन. पण सांगितलं ते खरंच सांगितलं, सगळ्यांसमोर.

साहेबांनी रुमाल घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, 'लेकिन ग्यारह तो सही चुनी हैं आपने.' यादी त्यांनी बदलली नाही. बाराव्या जागेवर मियाँनी हात बघून दक्षिण आफ्रिकेची एक सांगितली. यादी छापायला गेली. नोकरी आहे. त्याची काळजी करू नकोस.

मालकाला सांगायला मला एक मिनिट लागलं. तुला सांगायला सहा महिने लागले, आणि तेही तू कार्डावर पकडलंस म्हणून. कारण तुला हे सांगायचं तर गेल्या वर्षीचं एप्रिलमधलं जेवण सांगावं लागतं.

लेले आणि कांचनवहिनी जेवायला आले होते. तू सोलकढी केली होतीस. मी वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि पाहुण्यांना म्हणालो, आमसूल जुनं झालंय, घेऊ नका. लेल्यांनी तरी दोन वाट्या घेतल्या. ते गेल्यावर भांडी आवरताना म्हणालीस, 'या घरात तुमचं नाक राहतं. तुम्ही कधी आलाच नाहीत.' महिन्याने आईंनी नवी आमसुलं पाठवली. तू बरणी भरलीस, वर तारीख चिकटवलीस, आणि जूनमध्ये दादांच्या आजारपणाची तार आली तशी सावनीला घेऊन गेलीस. दादा दिवाळीला हिंडायला लागले. तू परत का येत नाहीस हे मी एकदाही विचारलं नाही. उत्तर पाठ होतं.

आता एक सांगतो, ते सांगायची लाज वाटते. तू गेल्यापासून जानेवारीपर्यंत मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्या बरणीचं झाकण उघडायचो. खायला नाही. तुझ्या हातांना, पदराला तो वास असायचा, उन्हाळ्यात तर कायमच. दोन श्वास घ्यायचे आणि निघायचं. त्यावर सात महिने काढले. आणि मग तेवढंही मी माझ्या हातांनी कचऱ्यात टाकलं, तुलाच दोष देऊन. वास आठवून बघतो, आठवत नाही. तू आठवतेस. फार आठवतेस, नयना. बरणी उपडी करणारा माझा हात आठवला की जेवण जात नाही.

तू लेल्यांबरोबर आमसुलं पाठवली नाहीस ते बरं केलंस. पाठवूही नकोस. मी मागितली ती बरणी भरलेली दिसावी म्हणून, तू आलीस तर रिकामी बघू नयेस म्हणून. ते लपवणं आता संपलं. बरणी धुवून फळीवर ठेवली आहे, तुझी चिठ्ठी भिजू दिली नाही. भरायची असली तर तू येऊन भर. जुनी की नवी, ते मी यापुढे कधी सांगणार नाही. तू सांगशील तशी ती असतील, आणि मी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली तर फक्त माझ्या हाताकडे बघ.

तू म्हणाली होतीस, इथे नाक राहतं. ते गेलं. मी आलोय. घरीच आहे.

तुझा,
दिनकर