शिक्का: ‘देशद्रोही’, जांभळ्या शाईत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा रबरी शिक्के तयार करण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या थोरल्या बहिणीला तो मान्य नाही.

१. दुकानातले साचे आणि दाबयंत्र शेजारच्या बाइंडरला द्यावे. माझा धारदार सुरा त्याने चार वर्षांपूर्वी ‘दोन मिनिटांसाठी’ नेला आहे. तोही त्याचाच समजावा.

२. माझी सातही मानचिन्हे समोरच्या शिंप्याला द्यावीत. मला पकडून नेले तेव्हा त्याने दुकानाची फळी लावून घेतली, आणि सत्काराच्या दिवशी हार घेऊन सगळ्यांच्या पुढे तोच होता. धूळ बसली तर धुवायला सोपी आहेत.

३. मला पकडले कसे, हे आजवर मी खोटेच सांगत आलो. सरकारी कचेरीने सरकारविरोधी माणसांसाठी माझ्याकडून आधी ‘असंतुष्ट’ असा शिक्का करून घेतला, पुढच्या वर्षी ‘वाट चुकलेले’, आणि मग ‘देशद्रोही’. माणसे तीच, फायली त्याच. माप सांगितले, शाई सांगितली. उलटी अक्षरे कोरताना शब्द फार वेळ डोळ्यांसमोर राहतो, म्हणून मी अर्थ विचारला. मोठे कारकून म्हणाले, “ज्याच्या कागदावर उठेल, तो.”

नवा शिक्का नीट उठतो का, हे आम्ही हाताशी येईल त्या कागदावर पाहतो. माझ्या हाताशी माझ्याच दुकान परवान्याचा अर्ज होता. त्याच्या पाठीवर शिक्का इतका झकास उठला की मी स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवशी पाठीवरचा शिक्का विसरून तोच अर्ज मी कचेरीत नेऊन दिला. शिक्का कोणी मारला हे तिथे कोणी विचारत नाही. मी अकरा महिने आत होतो.

४. सरकारविरुद्ध खरोखर बोलत होती ती माझी ताई. शाळेत शिकवायची, पत्रके लिहायची, सभा गाजवायची. मी तिला पाहून रस्ता बदलायचो. अकरा महिन्यांनी तिला कचेरीतून निरोप आला की चूक झाली असे लिहून द्या, भाऊ सुटेल. तिने लिहून दिले.

पुढे राजवट बदलली. जुन्या फायली निघाल्या आणि त्यांवर ‘लोकशाहीचे रक्षक’ असा शिक्का बसला. तोही मीच केला. माझ्या फायलीवर तो उठला. तिच्या फायलीत माफीनामा निघाला, म्हणून तिला कोणी बोलावले नाही, आणि तिचे जुने सोबती तिच्याकडे यायचे बंद झाले. मी मात्र तीस वर्षे व्यासपीठावरून सांगत राहिलो की तुरुंगात मी डगमगलो नाही. खरे तर मी रोज रडत होतो. ताई पुढच्या रांगेत बसून ऐकायची आणि घरी येऊन मला जेवायला वाढायची. मला याची लाज वाटते. हे आधीच सांगायला हवे होते, पण हार गळ्यात पडला की तोंड उघडत नाही.

५. म्हणून दुकान आणि वरच्या दोन खोल्या ताईला द्याव्यात. कलम तीन आणि चार माझा सत्कार झाला त्या सभागृहात मोठ्याने वाचावीत. शिंप्याला पुढे बसवावे.

पुरवणी: वरील मजकूर वाचून दाखवताच ताईने चष्मा लावला आणि साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, दोन्हींतले एकच निवडा. ताई म्हणाली, “घर राहू दे. तू हे लिहिलंस तेव्हा मी इथे होते, एवढं कागदावर येऊ दे.”

सबब कलम पाचमधील मिळकत ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: दुकानावरची खोली. मंगळवार, दुपारचे चार.

सही: शिक्केवाला (हाताने केली आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. ताई