कचरूदादाच्या एक्केचाळीस रेकॉर्डी

बिबवेवाडी, पुणे
७ जानेवारी २०२५

चि. प्रेमला हीस,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठीक आहोत. रविवारी फोनवर तू बराच वेळ काही सांगत होतीस आणि मी दोनदा "छान, छान" म्हणालो. मागाहून सूनबाईने, कल्याणीने सांगितलं की तू रतनरावांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होतीस. फार लाज वाटली.

खरं ते लिहितो. डावा कान केव्हाच गेला, उजवाही चाललाय. कारखान्यात तेहेतीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभा होतो, त्याचं हे फळ. घरात कळू नये म्हणून मी टीव्हीवाल्यांवरच चिडायचो, की हल्ली सगळे पुटपुटतात.

परवा एक रेकॉर्ड लावली. बाई गातेय हे मला कव्हर पाहून कळलं. ड्रम तर शेजारच्या घरात कुणी धुणं आपटावं तसे. म्हणून ठरवलं, रेकॉर्डी देऊन टाकायच्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचतं-गातं संगीत, सोल नि फंक, सगळं सत्तरच्या दशकातलं, इथल्या आश्रमातून मायदेशी परतणारे गोरे जुन्या बाजारात टाकून जायचे त्यातून दर रविवारी हुडकून आणलेलं. एकूण एक्केचाळीस. सदाशिव पेठेत केदार नावाचा तरुण आहे, त्याच्याकडे शनिवारी मंडळी असलं संगीत ऐकायला जमतात. तो नेईल. तुला एखादी हवी तर कळव.

लोभ आहेच, आता तो कागदावर कळवत जा.
तुझा,
दादा

नागपूर
१५ जानेवारी २०२५

ति. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

ह्यांचं पित्ताशय काढलं, आता बरे आहेत. तुझं "छान, छान" आठवून हसतात आणि मग टाके दुखतात म्हणून कण्हतात. त्याला जबाबदार तू.

एक गोष्ट पन्नास वर्षं लपवली, ती आज सांगते. ताडीवाला रोडच्या आपल्या खोलीत तू रेकॉर्डींना हात लावू द्यायचा नाहीस. तू ड्यूटीवर गेलास की मी हळूच एक लावायचे आणि कव्हरातला, गाण्याचे शब्द छापलेला कागद मांडीवर घ्यायचे. शाळेत बाई मला इंग्रजी वाचायला कधी उठवायच्या नाहीत. घरात मी त्या गाणाऱ्या बायकांबरोबर मोठ्याने म्हणायचे. उच्चार, ओळ कुठे तोडायची, दम कुठे घ्यायचा, सगळं त्यांनी शिकवलं. पुढे एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निरोपाच्या दिवशी साऱ्या मुख्याध्यापकांचे आभार मानले, त्या बायकांचे आणि तुझे राहिले.

तेव्हा कानाचं मशीन घे. चष्मा लावताना तुझी अब्रू जात नाही, मग कानानेच काय घोडं मारलंय? मशीन लावून सगळ्या रेकॉर्डी एकदा ऐक, मग कुणाला द्यायच्या त्याला दे.

रागावले तरी माया उणी नाही, हे तू जाणतोसच.
तुझी,
प्रेमला

बिबवेवाडी, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेमला हीस,
सप्रेम जय भीम.

मशीन घेतलं. पहिल्या दिवशी कल्याणीच्या बांगड्या ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी घरात माझ्याबद्दल काय काय बोलतात तेही ऐकू आलं.

मग रेकॉर्ड लावली. पत्र्यावर कुणी चमचे ओतावेत तसा आवाज. दुसरी लावली, तिसरी लावली, तेच. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की माझ्या कानांची स्थिती पाहता मशीनने बोलणं कळेल, संगीत पूर्वीसारखं येणार नाही. घरी येऊन मी सुनेसमोर रडलो, प्रेमला. तिने रेकॉर्ड कव्हरात घातली आणि चहा टाकला.

केदार येऊन सगळ्या घेऊन गेला. पण नेण्याआधी एकेक हातात घेऊन विचारत बसला, ही कुठे मिळाली, ती कुणाकडून. दोन तास बोललो आणि त्याचा प्रत्येक प्रश्न मला ऐकू आला. तुझी चोरीही सांगितली. त्याचा हट्ट आहे की एक मार्चला आपण दोघांनी त्याच्याकडे जावं आणि तू ते शब्द वाचून दाखवावेस. मी नाही म्हणालो. सगळे डोलत असताना मी तिथे ठोंब्यासारखा काय बसू? पण तुझ्या वतीने नाही म्हणायचा अधिकार मला नाही, म्हणून कळवतोय.

माया असू दे, कान नसले तरी ती पोचते.
तुझा,
दादा

बिबवेवाडी, पुणे
६ मार्च २०२५

चि. प्रेमला हीस,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचलीस हे कल्याणीकडून कळलं. स्टेशनवर तू विचारलंस की हट्टाने मला केदारकडे नेलंस त्या दिवशी मला काही ऐकू आलं का, आणि मी बॅगेचं निमित्त काढून टाळलं. उत्तर आता लिहितो.

तू शब्द वाचलेस ते मशीनमधून स्वच्छ ऐकू आले. केदारकडे जमलेली पोरं वर्गात बसल्यासारखी ऐकत होती. मग केदारने तीच रेकॉर्ड लावली, पत्रा वाजू लागला आणि मी मशीन काढून खिशात ठेवलं. घरी निघावं म्हणून उठणार, एवढ्यात तू पदर खोचलास. चौसष्टाव्या वर्षी, परक्या पोरांसमोर, माझी बहीण नाचायला लागली.

मी तुझ्या पायांकडे पाहत राहिलो. ड्रम थांबून पुन्हा सुरू झाला तो तुझ्या टाचेवरून कळला. पितळी वाद्यं आली ती तुझ्या खांद्यांवरून. शेवटी ती बाई दम धरून ठेवते ना, तिथे तू हात वर नेऊन थांबलीस, आणि इकडे मीही दम धरला. तू हात खाली आणलास तेव्हाच सोडला.

ते गाणं मी पुरतं ऐकलं, प्रेमला.

गुडघा शेकत जा. रतनरावांना जय भीम, आणि आपल्यातला लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
दादा